खेळांची कोरी पाटी

हातांत धरून खेळावयाचीं छोटीं खेळयंत्रें आतां पुष्कळ घरीं ठाऊक झालीं आहेत. मुलांस तीं प्रिय, तर पालकांस बहुधा नकोशीं. परंतु या यंत्रांच्या जगांत असाही एक कोपरा आहे कीं, जेथें खेळ विकले जात नाहींत. हौशी माणसें ते स्वतः रचतात व इतरांस मोफत देतात. अशा खेळांस 'होमब्रू' म्हणजे घरगुती खेळ म्हणतात. ते यंत्रावर कसे चालतात, आणि त्यांपासून विद्यार्थ्यांनीं काय घ्यावें, हें येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

उदाहरणादाखल 'गेम बॉय' हें यंत्र घेऊं. जपानांतील निन्टेन्डो कंपनीनें तें १९८९ सालीं बाजारांत आणिलें. त्याच्या पडद्यावर आडवे १६० व उभे १४४ ठिपके असून छटा अवघ्या चार. यंत्राच्या पोटांत खेळ नसतोच. तो 'कार्ट्रिज' नांवाच्या लहानशा चपट्या डबींत असतो. ती डबी मागील खांचेंत बसवावी आणि यंत्र सुरू करावें. डबींतील चिपवर कारखान्यांत एकदां जें लिहिलें गेलें, तें पुढें बदलतां येत नाहीं. तो जणूं शिलालेखच होय.

फ्लॅश-कार्ड ही त्याच आकाराची डबी. पण तिला शिलालेखाऐवजीं पाटी म्हणावें. वीज बंद झाली तरी लेख टिकतो आणि हवा तेव्हां पुसून नवा लिहितां येतो, असा 'फ्लॅश' स्मृतीचा गुण आहे. तोशिबा कंपनींतील फुजिओ मासुओका यांनीं ती शोधून काढिली व १९८४ सालीं जगापुढें मांडिली. हल्लींच्या पुष्कळ फ्लॅश-कार्डांत नखाएवढें मायक्रो-एसडी कार्ड बसतें. संगणकावरून त्यावर खेळाची फाईल उतरवावी व तें डबींत घालावें. यंत्र सुरू होतांच खेळांची यादी दिसते, आणि निवडलेला खेळ डबींतील स्मृतींत भरला जातो. यंत्रास यांतील भेद कळत नाहीं. सुरू होतांना तें डबींतील ४८ बाइट तपासतें. त्यांत कंपनीच्या नांवाचें चित्र असतें. तें जुळलें तरच पुढील मजकूर यंत्र वाचूं लागतें.

आतां या पाटीवर लिहावयाचें काय? खरा प्रश्न येथेंच आहे. 'टोबू टोबू गर्ल' हा २०१७ सालचा खेळ पाहा. अंतराळाकडे वाहत चाललेल्या आपल्या मांजरास सोडविण्याकरितां एक मुलगी उड्या मारीत आकाश चढते. नगर वसविण्याचा 'यूसिटी' हा दुसरा खेळ 'गेम बॉय कलर' या यंत्राकरितां आहे. हे दोन्ही कर्त्यांनीं आपखुशीनें मोफत दिले. इतकेंच नव्हे, तर ते कसे रचले तो मूळ मजकूरही सर्वांस खुला केला. असा खेळ घेणें म्हणजे देणाऱ्याच्या हातून देणगी घेणें होय.

परंतु त्याच पाटीवर दुकानांत विकल्या जाणाऱ्या खेळाची चोरटी नक्कलही उतरवितां येते, आणि पुष्कळांनीं तसें केलें. म्हणून 'निन्टेन्डो डीएस' या यंत्राकरितां निघालेल्या तशा कार्डांची विक्री टोकिओच्या न्यायालयानें २००९ सालीं मना केली. इंग्लंडच्या उच्च न्यायालयानेंही २०१० सालीं तसाच निकाल दिला. घरगुती खेळांसाठींही तीं उपयोगी पडतात, हा बचाव तेथें मान्य झाला नाहीं. आपल्या देशांत १९५७ च्या कायद्याप्रमाणें संगणकाचा प्रोग्राम ही वाङ्मयीन कृतीच मानली जाते. ग्रंथाप्रमाणें त्यावरही कर्त्याचा हक्क असतो. तेव्हां खेळ जुना झाला, दुकानांत मिळेनासा झाला, म्हणून तो बेवारशी ठरत नाहीं. मोफत मिळणें आणि मोफत दिलें जाणें या दोन गोष्टी एक नव्हेत. पालकांनीं यंत्र हिसकावून घेण्यापूर्वीं मुलास एवढेंच विचारावें: "हा खेळ तुला कोणी दिला, आणि देण्याचा हक्क त्यास होता काय?" पुष्कळ घरगुती खेळांबरोबर कर्त्याचें परवानगीपत्र असतें, तें वाचण्याची संवय मुलांनीं लावून घ्यावी.

याहून उत्तम उपयोग म्हणजे पाटीवर स्वतः लिहिणें. हें यंत्र इतकें साधें आहे कीं, एकट्या विद्यार्थ्यास तें संपूर्ण समजून घेतां येईल. पडदा म्हणजे ८ × ८ ठिपक्यांच्या चौकोनी फरशांची जमीन. आडव्या २० व उभ्या १८, मिळून ३६० फरशा. प्रत्येक फरशीस १६ बाइट पुरतात. यंत्रास अक्षरओळख मुळींच नाहीं. आपला 'क' दाखवावयाचा, तरी तो ठिपक्याठिपक्यांनीं काढून द्यावा लागतो. त्यांतही शिरोरेषा, वेलांटी, मात्रा व उकार आठ ठिपक्यांच्या उंचींत नीट मावत नाहींत. म्हणून एका अक्षरास वरखालीं दोन फरशा योजाव्या लागतात. चौकटीच्या वहींत पेन्सिलीनें हें करून पाहण्यास एक पैही लागत नाहीं. पुढें २०१९ सालीं निघालेलें 'जीबी स्टुडिओ' हें मोफत साधन संगणकावर घेतलें, तर प्रोग्रामची भाषा न शिकतांही लहानसा खेळ रचतां येतो. तो संगणकाच्याच पडद्यावर खेळून तपासतां येतो. फ्लॅश-कार्ड विकत घेण्याची वेळ अगदीं शेवटीं येते.

विद्यार्थीमित्रहो, खेळणें वाईट नाहीं. पण दुसऱ्याच्या श्रमावर फुकट खेळण्यापेक्षां देणगी म्हणून मिळालेला खेळ खेळण्यांत अधिक समाधान आहे, आणि आपण रचलेला खेळ धाकट्या भावंडाच्या हातीं देण्यांत त्याहूनही अधिक. पाटी कोरी आहे. तिच्यावर काय लिहावयाचें तें तुम्हांसच ठरवावयाचें आहे.