स्वतंत्र व्यवसाय आणि प्राप्तिकर

पूर्वी शाळेतून बाहेर पडलेला तरुण नोकरीसाठी पुण्या-मुंबईची वाट धरीत असे. आता बेळगावातील आपल्या घरी बसून, संगणक आणि इंटरनेट यांच्या साहाय्याने, बंगळूरच्या इमारतींचे नकाशे काढता येतात आणि अमेरिकेतील पेढीचे कामही करता येते. या व्यवसायातील स्वातंत्र्य सर्वांच्या डोळ्यांत भरते. त्याबरोबर येणारी जबाबदारी मात्र फार थोड्यांच्या ध्यानात येते. म्हणून अशा मिळकतीवरील प्राप्तिकराचा विचार आपण येथे थोडक्यात करू.

नोकरदाराचा कर त्याची कचेरीच मोजते आणि पगारातून कापून सरकारात भरते. स्वतंत्र व्यावसायिकाला असा कारकून नसतो. तोच आपला मालक आणि तोच आपला कारकून. बँकेत जमा झालेली सर्व रक्कम आपलीच, असे समजून तो ती खर्च करून बसला, तर वर्षाअखेरीस त्याची ओढाताण ठरलेलीच.

दोन कल्पित उदाहरणे घेऊ. एक वास्तुशिल्पी बंगळूरच्या कंपनीसाठी नकाशे काढतो. २०२५-२६ या वर्षात त्याचे शुल्क १० लाख रुपये झाले. कंपनीने नियमाप्रमाणे शेकडा १० कापून ९ लाख त्याच्या हाती दिले आणि १ लाख रुपये त्याच्या पॅन क्रमांकावर सरकारात भरले. यालाच 'उगमस्थानी करकपात' म्हणतात. वास्तुशिल्पी, अभियंता, वकील, डॉक्टर, संगणकतज्ज्ञ अशा कायद्यात सांगितलेल्या व्यावसायिकांना एक सोय आहे. एकंदर जमा ५० लाखांच्या आत असेल (रोखीची जमा शेकडा ५ पेक्षा अधिक नसेल तर ७५ लाखांच्या आत), तर किमान निम्मी जमा उत्पन्न म्हणून दाखवावी. मग खर्चाचा तपशील द्यावा लागत नाही. या हिशेबाने आपल्या वास्तुशिल्प्याचे उत्पन्न ५ लाख ठरले. त्या वर्षाच्या नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. म्हणजे कापलेला संपूर्ण १ लाख त्याला परत मिळावयास हवा. परंतु त्यासाठी विवरणपत्र भरलेच पाहिजे. 'कर लागत नाही, मग विवरणपत्र कशाला?' असे म्हणणाऱ्याला या लाखावर पाणी सोडावे लागेल.

दुसरे उदाहरण याच्या अगदी उलट. एक संगणकतज्ज्ञ भगिनी अमेरिकेतील एका पेढीसाठी काम करते. तिची वर्षाची जमा ३० लाख. परदेशी पेढीने येथील कर कापला नाही, म्हणून कर नाही असे मुळीच नव्हे; भारतात राहणाऱ्याचे परदेशातून आलेले उत्पन्नही येथे करपात्र असते. निम्म्याच्या हिशेबाने तिचे उत्पन्न १५ लाख. त्यातील पहिल्या ४ लाखांवर कर नाही. पुढील ४ लाखांवर शेकडा ५ प्रमाणे २० हजार, त्यापुढील ४ लाखांवर शेकडा १० प्रमाणे ४० हजार आणि उरलेल्या ३ लाखांवर शेकडा १५ प्रमाणे ४५ हजार. एकूण १,०५,००० रुपये. त्यावर शेकडा ४ उपकर धरून १,०९,२०० रुपये. एवढी रक्कम तिने आपणहून आगाऊ भरावयाची असते. देय कर १० हजार किंवा अधिक असेल तर आगाऊ भरणा आवश्यक आहे. वरील सोय घेणाऱ्याने तो १५ मार्चपर्यंत एकदम करावा. इतरांसाठी जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च या महिन्यांची १५ तारीख ठरलेली आहे. चुकल्यास दरमहा शेकडा १ व्याज पडते. शिवाय सेवांची वार्षिक जमा २० लाखांपलीकडे गेली म्हणजे वस्तू व सेवा कराची नोंदणीही करावी लागते. परदेशी दिलेल्या सेवेवर त्या कराचा दर शून्य असला तरी नोंदणी चुकत नाही.

एक खुबी येथे ध्यानात ठेवावी. काम मिळवून देणारी मध्यस्थ कंपनी दलाली कापून पैसे देते. जमा मोजताना मात्र दलाली कापण्यापूर्वीची रक्कम धरावी.

तुमच्यापैकी कोणी चित्रे काढून वा शिकवणी घेऊन कमावीत असेल, तर त्यालाही हा विषय परका नाही. १८ वर्षांखालील मुलाचे व्याजासारखे उत्पन्न सामान्यतः आई किंवा वडील यांच्या उत्पन्नात मिळविले जाते. परंतु त्याने स्वतःच्या श्रमाने वा कौशल्याने मिळविलेले उत्पन्न त्याचे स्वतःचेच मानले जाते.

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या जागी संसदेने २०२५ मध्ये नवा कायदा संमत केला. तो १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नासाठी आहे. कलमांचे क्रमांक बदलले आणि दरही वेळोवेळी बदलतात; म्हणून त्या त्या वर्षाचे नियम सनदी लेखापालाकडून समजून घ्यावेत. पण काही सवयी कधीच जुन्या होत नाहीत. प्रत्येक जमा तारखेसह वहीत टिपावी, बिले जपून ठेवावीत, कराचा अंदाजी भाग वेगळ्या खात्यात टाकावा, आणि आपल्या नावे किती कर जमा झाला ते प्राप्तिकर खात्याच्या नोंदींशी ताडून पाहावे. ज्या रस्त्याने आपण शाळेत येतो तो याच पैशातून होतो, एवढे स्मरणात असले म्हणजे हे काम जाचक वाटणार नाही.