धर्मकार्यार्थ परदेशी असलेल्या मित्रांस

तरुण वयात धर्मकार्यासाठी समुद्रापलीकडे जाणाऱ्यांस स्वदेशाशी जोडून ठेवते ते पत्रच. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ साली धर्माध्ययनासाठी ऑक्सफर्डला गेले व १९०३ साली परतले. तेथून त्यांनी धाडलेली पत्रे ‘सुबोधपत्रिके’त छापून येत, म्हणून येथील स्नेह्यांस ते दूर गेलेसे वाटले नसावेत.

अमेरिकेत उगम पावलेल्या मॉर्मन पंथातील तरुणही असेच प्रचारास जातात. मुलगे दोन वर्षे, मुली अठरा महिने. २०१९ पूर्वी त्यांस घरी दूरध्वनीने बोलणे वर्षातून साधारण दोनदाच घडे. त्या वर्षापासून दर आठवड्यास बोलण्याची मुभा मिळाली. पण ती मुख्यतः कुटुंबीयांसाठी. मित्राचा मार्ग पत्राचाच.

अशा मित्रास लिहिताना मतांचा वाद घालू नये, ‘केव्हा परतणार?’ असा लकडाही लावू नये. ओझरच्या घरातून पत्र जात असेल तर कुकडीचे पाणी, श्रीविघ्नेश्वराच्या माघी चतुर्थीची गर्दी, वडील मंडळींची प्रकृती, एवढे कळवावे. त्याचा पंथ आपला नसला तरी स्नेह आपलाच आहे. आणि परतल्यावर त्यास उंबरठा परका वाटू नये, यासाठी महिन्याकाठी एक पत्र काही फार नव्हे.