पतंग ओळखावा कसा?

पावसाळ्याच्या दिवसांत व्हरांड्यातला दिवा लावला, की थोड्याच वेळात भिंतीवर कीटकांची गर्दी होते. विद्यार्थी मित्रहो, आपण त्या सगळ्यांना सरसकट ‘पाखरे’ म्हणून मोकळे होतो. परंतु त्यांतील प्रत्येक पतंग आपली ओळख अंगावरच घेऊन आलेला असतो. ती वाचायची कशी, ते आपण पाहू.

प्रथम डोक्याकडे पाहा. फुलपाखराच्या शृंगिकांच्या, म्हणजे मिशांच्या, टोकाला गाठ असते. पतंगाच्या शृंगिका बहुधा दोऱ्यासारख्या निमुळत्या किंवा पिसासारख्या असतात. अनेक जातींत नराच्या शृंगिका मादीपेक्षा अधिक झुपकेदार असतात. असे का? मादी हवेत गंध सोडते. त्याचे रेणू पकडायचे, तर पृष्ठफळ जितके जास्त तितके चांगले!

यानंतर पंख पाहा. आपल्या सह्याद्रीत आढळणाऱ्या ॲटलास पतंगाच्या प्रत्येक पंखावर त्रिकोणी पारदर्शक खिडकी असते. टसर रेशीम देणाऱ्या पतंगाच्या पंखांवर गोल डोळे असतात. चंद्रपतंग फिकट हिरवा असून त्याच्या मागच्या पंखांना लांब शेपट्या असतात. हे तिघे चटकन ओळखू येतात.

खरी परीक्षा असते ती लहान, मळकट रंगाच्या पतंगांची. येथे केवळ रंगावर विसंबू नका. पंखांचा रंग सूक्ष्म खवल्यांमुळे दिसतो, आणि पतंग जुना होऊ लागला की खवले झडतात. आकारही फसवा असतो, कारण अळीला खाद्य कमी मिळाले, तर पतंग लहानच निपजतो. म्हणून ठिपके, रेघा आणि शिरा पंखावर नेमक्या कोठे आहेत, हे पाहावे.

ही ओळख पटण्यावर कोणाचे तरी पीक अवलंबून असते. मूळची अमेरिका खंडातील लष्करी अळी भारतात प्रथम २०१८ साली कर्नाटकात मक्यावर आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही पोचली. ती मक्याच्या पोंग्यात शिरून बसते. मग फवारलेले औषध तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. म्हणून तिचा सुगावा लवकर लागावा, यासाठी शेतकरी शेतात कामगंध सापळे लावतात. मादीच्या गंधासारखा गंध त्यांत ठेवलेला असल्याने फक्त नर येतात. पण कधी कधी दुसऱ्याच जातीचे नरही सापडतात. मग मोजायचे कोणते?

या पतंगाचा पंखविस्तार सुमारे ३ ते ४ सेंटिमीटर असतो. नराच्या पुढच्या पंखाच्या टोकाशी पांढुरका डाग आणि मध्याजवळ फिकट, तिरपा लंबगोल ठिपका असतो. मागचे पंख पांढुरके असतात. पण तंबाखूवरील अळीच्या पतंगाचेही तसेच असतात! त्याच्या पुढच्या पंखांवर मात्र फिकट रेघांची जाळी दिसते. म्हणजे एक खूण पुरत नाही. दोन-तीन खुणा एकत्र जुळाव्या लागतात. अळीचेही तेच. डोक्यावर इंग्रजी ‘वाय’ अक्षर उलटे आणि शेपटीकडील शेवटून दुसऱ्या भागावर चौकोनात चार ठळक ठिपके, अशा दोन्ही खुणा असतील, तर संशय बळावतो. तरीही शंका राहिली, तर तज्ज्ञ नर पतंगाचे जननांग सूक्ष्मदर्शकाखाली तपासून निर्णय देतात.

तुम्हीही हा अभ्यास करू शकता. अमावास्येच्या आसपासच्या रात्री पांढरी चादर टांगून तिच्यासमोर दिवा लावा. मोजपट्टी, भिंग आणि वही जवळ ठेवा. पतंगाला हात न लावता शृंगिका, बसण्याची ढब, पंखांची लांबी आणि ठिपक्यांच्या जागा यांची आकृती काढा. तारीख आणि वेळ लिहायला विसरू नका. गावात मका असेल, तर संशयास्पद पतंगाची आकृती शिक्षकांना आणि सहायक कृषी अधिकाऱ्यांना अवश्य दाखवा. वेळीच पटलेली ओळख एखाद्याचे शेत वाचवू शकते.