हद्द एक, घरे दोन

दोन घरांमधील भिंत नेमकी कोणाची, या एका प्रश्नापायी शेजाऱ्या-शेजाऱ्यांतील बोलणे खुंटल्याची उदाहरणे आपल्याही पाहण्यात असतील. शेतजमिनीची मोजणी शंकू-साखळीने फार पूर्वीच झाली. परंतु ज्या गावठाणात माणसे राहतात, ते देशात बहुतेक ठिकाणी मोजणीवाचूनच राहिले. घर होते, पण घराचा कागद नव्हता. आणि कागद नसल्यामुळे त्या घराच्या तारणावर बँकेचे कर्ज मिळणेही कठीण होते.

ही उणीव भरून काढण्यासाठी २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने ‘स्वामित्व’ योजना सुरू केली. प्रथम चुन्याच्या रेषा मारून घरांच्या हद्दी आखल्या जातात. मग ड्रोन, म्हणजे वैमानिकावाचून उडणारे लहानसे यान, गावावरून छायाचित्रे घेत जाते. उपग्रहांचे संकेत अखंड टिपणाऱ्या भूकेंद्रांच्या साह्याने प्रत्येक बिंदूचे स्थान सुमारे ५ सेंटिमीटरपर्यंत अचूक ठरते आणि १:५०० प्रमाणाचा नकाशा तयार होतो.

परंतु छायाचित्र संगणकाच्या दृष्टीने रंगीत चौकोनांचे जाळेच असते. विहीर हा बिंदू, रस्ता ही रेषा आणि घर-अंगण हे रेषांनी वेढलेले क्षेत्र, असे त्याला सांगावे लागते. नकाशाची अशी माहिती संगणकात साठविण्याचे शास्त्र १९६० नंतरच्या दशकात आकारास आले. कॅनडातील भूमीची नोंद करताना रॉजर टॉमलिन्सन यांनी त्याचा पाया घातला.

या शास्त्रातील एक युक्ती ध्यानात घेण्याजोगी आहे. दोन घरांचे नकाशे वेगवेगळे काढले, तर मधली हद्द दोनदा काढली जाते. मग कोठे फट राहते, तर कोठे एकाचे अंगण दुसऱ्याच्या अंगणावर चढते. म्हणून सामाईक हद्दीची रेषा एकदाच नोंदवितात आणि तिच्या डावीकडे कोणाचे घर, उजवीकडे कोणाचे, हे तिच्याशीच जोडून ठेवतात. मग ती रेषा सरकली, तर एकाचे जितके वाढेल तितकेच दुसऱ्याचे घटेल. चोरून काही वाढविण्यास जागाच उरत नाही.

मात्र नकाशा सुसंगत आहे की नाही, एवढेच संगणक तपासू शकतो. तो खरा आहे की नाही, हे त्याला कळत नाही. चुना चुकीच्या जागी पडला, तर ती चूकही तो तितक्याच निष्ठेने जपून ठेवील. म्हणून वाचकहो, आपल्या गावी अशी मोजणी होणार असेल, तर घरातील जाणत्या माणसाने त्या दिवशी शेजाऱ्यासह हद्दीवर हजर राहावे. कच्चा नकाशा पाहावयास मिळेल तेव्हा नावे नीट वाचावीत. आईचे वा बहिणीचे हक्काचे नाव राहून गेले असल्यास हरकतीच्या मुदतीतच ती नोंदवावी. महाराष्ट्रात मिळकत पत्रिका, उत्तर प्रदेशात घरौनी, मध्य प्रदेशात अधिकार अभिलेख, असे त्या कागदाचे नाव प्रांतोप्रांती निराळे. परंतु त्याचा खरेपणा दोन शेजाऱ्यांनी एकत्र उभे राहून दाखविलेल्या त्या एका रेषेवरच अवलंबून असतो.