शिवाजी पार्क कुणाचं? क्षेत्रभेटीची वेळ आणि आपला निष्कर्ष

समजा, तुमचा संशोधनविषय आहे : शहरातलं मोकळं मैदान नेमकं कोण वापरतं? सेवाग्रामहून रात्रीच्या गाडीने निघालात, सकाळी दादरला उतरलात आणि थेट शिवाजी पार्क गाठलंत. कट्ट्यावर गप्पा मारणारे आजोबा, मैदानाभोवती भरभर चालणाऱ्या बायका, आत क्रिकेटचा सराव करणारी मुलं. जवळच दादर चौपाटी. दोन तासांत वही भरते आणि निष्कर्षही सुचतो : हे मैदान आसपासच्या मध्यमवर्गीय रहिवाशांचं आहे.

नोंदी बरोबर आहेत. पण निष्कर्ष फक्त त्या दोन तासांचा आहे.

आता तीच जागा ६ डिसेंबरला बघा. १९५६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले; तिथेच आज चैत्यभूमी आहे. महापरिनिर्वाण दिनाला लाखो लोक येतात, त्यात आपल्या विदर्भातलेही खूप. शिवाजी पार्कवर त्यांच्या मुक्कामाचे मंडप लागतात, पुस्तकांचे स्टॉल लागतात. सकाळच्या वहीत यातलं कुणीच नव्हतं. मग ही माणसं या मैदानाची नाहीत का?

हा प्रश्न नुसता तात्त्विक नाही. २०१० मध्ये रहिवाशांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने हा भाग शांतता क्षेत्र ठरवला. रोज राहणाऱ्याला शांतता हवी असते, वर्षातून एकदा येणाऱ्याला जागा हवी असते. दोघांचंही म्हणणं खरं. तुम्ही कुठल्या दिवशी गेलात, यावर तुमच्या प्रबंधात कुणाची बाजू येणार ते ठरतं. म्हणजे नमुना फक्त माणसांचा निवडायचा नसतो, वेळेचाही निवडायचा असतो.

मग करायचं काय?

एक, किमान चार वेळा ठरवून घ्या : कामाच्या दिवशी सकाळ, भर दुपार, रविवारची संध्याकाळ आणि वर्षातला एखादा मोठा दिवस. दोन, प्रत्येक वेळी त्याच जागी, तितकीच मिनिटं उभं राहून मोजा. नाहीतर तुलना करता येत नाही. तीन, वहीत दोन रकाने आखा : ‘दिसलं’ आणि ‘वाटलं’. ‘झाडाखाली चारजण झोपले होते’ हे दिसलं. ‘बेघर असावेत’ हे वाटलं. चार, ओळख सांगून, परवानगी घेऊन विचारा, ‘कुठून आलात?’ फोटो त्यानंतर.

जुनी कागदपत्रंही बघा. हे मैदान १९२५ मध्ये लोकांसाठी खुलं झालं तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. शिवाजी पार्क हे नाव १९२७ मध्ये, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने मिळालं. जुन्या नोंदी शोधताना दोन्ही नावं लागतील.

आणि पद्धतीच्या प्रकरणात भेटींच्या तारखा, वेळा स्पष्ट लिहा. सगळ्या वेळा कुणालाच गाठता येत नाहीत, गाईडलाही ते माहीत असतं. पण कुठल्या वेळी तुम्ही तिथे नव्हतात, हे वाचणाऱ्याला कळायलाच हवं.