जिवंत डिंभांचे छायाचित्रण

खेकड्याचे पिलू अंड्यातून बाहेर येते तेव्हा त्याच्या ठायी खेकड्याच्या रूपाचा मागमूसही नसतो. टपोरे डोळे, पाठीवर ताठ उभा काटा आणि सतत झटके देणारे शेपूट असलेल्या या इवल्याशा डिंभाला प्राणिशास्त्राच्या दफ्तरात ‘झोइया’ या नावाने स्वतंत्र प्राणी म्हणून जागा मिळाली होती, आणि ती नोंद चुकीची असल्याचे आयर्लंडमधील कॉर्क येथे नेमणुकीवर असलेल्या जॉन व्हॉन थॉम्पसन या लष्करी शल्यवैद्याने 1828 साली प्रसिद्ध केले. थॉम्पसनचे मोठेपण हे, की त्याने डिंभ जिवंत ठेवून त्यांच्यावर नजर ठेवली. 1826 च्या एप्रिलात मलमलीच्या जाळ्यात सापडलेले काही पारदर्शक जीव त्याने समुद्राच्या पाण्यात बाळगले. मे महिन्यात त्यांतले दोन कात टाकून भांड्याच्या तळाशी घट्ट चिकटलेले आढळले, आणि जहाजांच्या बुडाला लागणारे बार्नॅकल, जे तोवर शंखशिंपल्यांच्या वर्गात दाखल होते, ते कोळंबी-खेकड्यांचे भाऊबंद ठरले.

डिंभांच्या छायाचित्रणातही जिवंतपणा हीच खरी कसोटी आहे. मद्यार्कातला नमुना हलत नाही म्हणून सोयीचा खरा, परंतु त्याचे रंग उडतात आणि शरीर गढुळते. जिवंत डिंभासाठी काचपट्टीवर समुद्राच्या पाण्याचा थेंब घ्यावयाचा, झाकणकाचेच्या चार कोपऱ्यांखाली मेणाचे कण ठेवावयाचे, आणि ते सुईच्या टोकाने हलके हलके दाबीत जागा इतकी आखडती करावयाची की डिंभ चिरडू नये आणि दृष्टिक्षेत्राबाहेर निसटूही नये. ही तजवीज हाती बसावयास पुष्कळ सराव लागतो. एवढे करूनही, भिंगाची शक्ती जितकी अधिक तितका स्पष्ट दिसणारा थर पातळ, त्यामुळे सागरी अर्चिनच्या डिंभाचा चुनखडीच्या सळीवर तोललेला एक बाहू रेखीव उमटला की दुसरा अंधूक होतो. प्रकाश कडेने तिरपा सोडल्यास पार्श्वभूमी काळी राहून ते पारदर्शक शरीर उजळून निघते खरे, पण त्यासाठी दिवा प्रखर हवा, आणि प्रखर दिव्याखाली थेंब तापून डिंभ मरतो. हालचाल थांबावी म्हणून मॅग्नेशियम क्लोराइडने त्याला गुंगविण्याची वहिवाट आहे. मला मात्र ती पटत नाही, कारण स्नायू सैलावले की त्याची स्वाभाविक ठेवणच हरवते.

तापण्याची आणि हालचालीची अशा दोन्ही अडचणी विद्युत् फ्लॅशने दूर केल्या. इंग्लंडमधील प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेतील डग्लस विल्सन यांनी या साधनाने टिपलेली जिवंत प्लवकांची छायाचित्रे ॲलिस्टर हार्डी यांच्या 1956 सालच्या ‘द ओपन सी’ या ग्रंथात आहेत, आणि ती ज्याने पाहिली नसतील त्याने अवश्य पाहावीत. क्षणार्धाहूनही कमी काळ लखलखणाऱ्या त्या प्रकाशाने डिंभ तापत नाही, की त्याची हालचाल पुसट उमटत नाही. चित्र घेऊन झाल्यावर त्याला पुन्हा पाण्यात सोडता येते. मग तोच झोइया कात टाकीत टाकीत ‘मेगॅलोपा’ या पुढल्या अवस्थेत, जीही एके काळी निराळा प्राणी म्हणून नोंदली गेली होती, आणि तेथून चिमुकल्या खेकड्यात पालटताना वारंवार टिपता येतो.