लिंगनिरपेक्ष झबलं: प्रश्न कसा विचाराल?

समजा, जुन्नर-आंबेगावात तुम्ही विचारलंत, ‘बाळाला लिंगनिरपेक्ष कपडे घेता का?’ उत्तर ‘नाही’ येईल, किंवा नुसतं हसू. त्यावरून ‘इथे असे कपडे वापरत नाहीत’ असं लिहिलंत तर निष्कर्ष चुकेल, कारण तो शब्द तुमचा आहे, त्यांचा नाही. जुन्या सुती साडीचं झबलं, टोपडं, दुपटं मुलगा-मुलगी दोघांनाही चालतं; थोरल्याचं धाकटीला येतं. शिवाय १९९४ च्या कायद्याने गर्भलिंगनिदानाला बंदी आहे. म्हणजे जन्माआधी शिवलेलं झबलं कुणा एकासाठी असणार कसं? (कायदा मोडणारे सोडा.)

म्हणून असं विचारा: पहिलं झबलं कशाचं होतं? कुणी दिलं? नंतर कुणाला गेलं? फरक बहुधा बारशाच्या आहेरापासून दिसेल. हा अंदाज आहे, तपासून बघा. गुलाबी-निळ्याचं गृहीतकही बाजूला ठेवा. १९१८ मध्ये अमेरिकेतल्या एका व्यापारी मासिकाने गुलाबी रंग मुलग्यांना सुचवला होता!

आणि गरोदर बाईला ‘काय हवंय?’ विचारू नका. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. सासूबाई शेजारी बसलेल्या असताना तो प्रश्न कपड्यांचा राहत नाही. मुलाखत बारशानंतरच घ्या.